कपाळावरचे शेत

जमिनीला घसारा लावायचा नसतो. यंत्र झिजते, मोटार झिजते, ऑफिसातली खुर्चीसुद्धा झिजते; जमीन झिजत नाही. कुंभकोणम्च्या कॉलेजात बी.कॉम.ला असताना पद्मनाभराव हे शिकले आणि पुढे तिरुभुवनम्च्या एका विणकर संस्थेत हिशेब सांभाळताना त्यांनी ते कितीतरी नव्या कारकुनांना शिकवले. त्यामुळे सासऱ्यांच्या शेताच्या काठावर उभे राहून चांगला कमरेइतका खाली गेलेला शेताचा तळ त्यांनी पाहिला, तेव्हा त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की पुस्तक चुकणे शक्य नाही, तेव्हा शेतच चुकले असणार.

कुंभकोणम्च्या मराठी मंडळींत पद्मनाभ पुष्कळ. त्यामुळे प्रत्येकाला एकेक टोपणनाव. बँकेतला तो बँक पद्मनाभ, नदीच्या घाटाजवळ राहतो तो घाट पद्मनाभ. आपले पद्मनाभराव वयाच्या पन्नाशीपर्यंत नुसते पद्मनाभच होते. नाव ठेवण्याइतके काही त्यांच्या हातून घडलेच नव्हते. एका वर्षात त्यांना दोन नावे मिळाली. दुसरे मिळाले तेव्हा पहिले काढून घेण्यात आले. त्याची ही हकिगत.

शेत त्यांच्या बायकोच्या माहेरचे, तिरुभुवनम्च्या पुढे गोविंदपुरम्च्या रस्त्याला लागून. सासरे शामसुंदरराव यांनी उतारवयात, शेतमजूर मिळेनात म्हणून, ऐंशीच्या सुमारास ते वीटभट्टीवाल्याला भाड्याने दिले. भट्टीवाला सज्जन होता. ठरल्याप्रमाणे भाडे द्यायचा आणि ठरल्याप्रमाणे माती काढायचा. कावेरीने शेकडो वर्षे आणून टाकलेली माती नऊ-दहा वर्षांत विटा होऊन गावोगावच्या भिंतींत गेली. एकोणनव्वद साली चांगली माती संपली तशी भट्टीही उठली. मागे उरला एक खड्डा, राखेचे ढिगारे, फुटक्या विटांचा खच, आणि भट्टी पेटायची तिथे भाजून दगडासारखी झालेली जमीन. तोवर शामसुंदररावही गेले होते. खड्डा वारसाने मुलीकडे, सीतालक्ष्मीकडे, आणि तिचा धाकटा भाऊ सेतू याच्याकडे आला.

सेतू मद्रासला विमा कंपनीत. त्याला गिऱ्हाईकही भेटले होते: एका माणसाला तो खड्डा आणखी खोल खणून खालची वाळू काढायची होती. सेतूने पत्रात न लिहिता स्वतः येऊन सांगितले, कारण अक्काला अशी गोष्ट लिहून कळवायचे धैर्य त्याला नव्हते. सीतालक्ष्मी रडली नाही, भांडलीही नाही. तिने एवढेच विचारले, की दर पोंगलला ज्या शेतातला पहिला तांदूळ बाबा घरी आणत, त्याच्या तळाखालची वाळूसुद्धा विकायची का? सेतू म्हणाला, "अक्का, तिथें गवत उगवत नाहीं. तूं पीक उभें करून दाखव. येता पोंगल जाऊं दे, त्याच्या पुढच्या पोंगलला मी येतों. पीक दिसलें तर विकायचें नांव पुन्हा काढणार नाहीं. नाहीं दिसलें तर तूं सही करायची."

"ठरलें," असे जे उत्तर गेले ते सीतालक्ष्मीचे नव्हते, पद्मनाभरावांचे होते. ते का बोलले हे त्यांनाही सांगता आले नसते. कोणतीही मुदत ऐकली की होकार द्यायची त्यांना ऑफिसात सवय लागली होती.

शेतीसाठी त्यांनी केलेली पहिली खरेदी म्हणजे उन्हाची टोपी. दुसरी, आलेखाचा कागद. त्यावर खड्ड्याचा नकाशा काढून त्यांनी चार रंगांत चार भाग पाडले. शेती खात्यात जाऊन आले, तागाचे बी आणून पेरले. ताग उगवून गाडला की जमीन सुधारते, हे खरेच आहे; पण त्यासाठी आधी जमीन लागते. एका कोपऱ्यात ताग गुडघ्याएवढा झाला. बाकी तीन रंगांत पावसाचे पाणी साचले आणि कोणाची तरी बदके येऊन पोहू लागली. पद्मनाभराव टोपी घालून बांधावर उभे राहिले की वाटसरू त्यांना बदकांचा भाव विचारत.

एक्याण्णवच्या उन्हाळ्यात मात्र त्यांना त्यांच्या आयुष्यातली एकमेव कल्पना सुचली. पुढच्या माघात कुंभकोणम्ला बारा वर्षांनी येणारा महामहम्चा मेळा होता. त्यासाठी मोठ्या तळ्याचे पाणी काढून वर्षानुवर्षांचा गाळ उपसणे चालू होते. गाळाच्या लॉऱ्या गावाबाहेर रिकाम्या करायला जागा सापडेना म्हणून कंत्राटदार वैतागला होता. पद्मनाभराव सायकलवरून ऑफिसला जाताना रोज त्या लॉऱ्यांच्या मागे अडकत. एके दिवशी त्यांनी सायकल आडवी घातली आणि ड्रायव्हरला म्हणाले, की माझ्याकडे खड्डा आहे. असे अभिमानाने सांगणारा माणूस त्या ड्रायव्हरने पहिल्यांदाच पाहिला असावा.

महिनाभर लॉऱ्या आल्या. बैल लावून गाळ पसरला, फुटक्या विटा वेचून बांध घातले. काळा, चिकण, लोण्यासारखा गाळ. त्यात पणत्यांचे तुकडे, बांगड्यांच्या काचा, कुजलेली हळकुंडे. सीतालक्ष्मी पदर खोचून त्यात उतरली तेव्हा पाय पोटरीपर्यंत आत गेले. ती हसली. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत आपल्या एखाद्या कामावर ती अशी हसल्याचे पद्मनाभरावांना आठवेना. इथेच ते थांबले असते तर ही हकिगत सांगायला काही उरले नसते.

पण पद्मनाभराव वैष्णव. रोज अंघोळीनंतर गोपीचंदनाची पिवळी वडी सहाणेवर उगाळून कपाळावर, छातीवर, दंडांवर नाम लावल्याशिवाय ते कॉफीला शिवत नसत. द्वारकेकडची माती अंगावर लावणाऱ्या माणसाला दुसरी एखादी माती लावावीशी वाटणे स्वाभाविकच. आषाढीच्या सकाळी गोपीचंदन संपले होते. धोतराच्या काठाला वाळलेल्या गाळाचा एक गोळा चिकटून आला होता. तो त्यांनी सहाणेवर थेंबभर पाण्यात उगाळला. राखाडी, गार, मऊसूत नाम उठले. आरशात पाहून त्यांना वाटले, बरे दिसते.

संध्याकाळी भजनाला गेले. त्यांची जागा ठरलेली: मागे, दाराशी, चपलांच्या शेजारी. त्यांना सूर नव्हता आणि ताल देताना ते मनात मोजत, म्हणून पुढे कोणी बोलवत नसे. त्या दिवशी मीनाक्षीबाईंची नजर त्यांच्याकडे गेली. मीनाक्षीबाई म्हणजे आमच्या मंडळींतल्या सर्वांत वडीलधाऱ्या. त्यांनी तुळशीला पाणी घातल्याशिवाय गल्लीत दिवस उजाडत नसे.

"पद्मनाभा, आज नाम राखाडी कां रे?" त्यांनी विचारले.

गोपीचंदन संपले, एवढे उत्तर पुरे होते. पण भजनात पद्मनाभरावांना कोणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. ते उभे राहिले. त्यांनी सांगितले, की ही महामहम् तळ्याच्या पोटातली माती. मेळ्याच्या दिवशी गंगा, यमुना, गोदावरी, सगळ्या नद्या त्या तळ्याच्या तळातून वर येतात, म्हणजे गेली कित्येक शतके त्या याच मातीतून येत-जात आहेत. आता तळे कोरडे आहे, स्नान कोणालाच नाही. पण नद्यांची वाट मात्र आपल्या शेतात येऊन पडली आहे. वाक्य त्यांचे त्यांनाच इतके आवडले की त्यांनी ते दुसऱ्यांदा म्हटले. पेटी थांबली होती. मीनाक्षीबाई हात जोडून म्हणाल्या, "मला एक गोळा आणून दे रे बाबा."

दुसऱ्या दिवशी पद्मनाभरावांनी केळीच्या पानात बांधून एक गोळा नेला. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक घरी. चौथ्या दिवशी ते टोपलीच घेऊन निघाले. लोक आता त्यांना तीर्थ पद्मनाभ म्हणू लागले. भजनात त्यांना पुढे, पेटीशेजारी जागा मिळाली; त्यांच्या चुकलेल्या तालालाही लोक मान हलवू लागले. गल्लीत पूजा सांगणारे आचार्य व्यासराज, ज्यांनी त्यांच्याशी एरवी तिथी सांगण्यापलीकडे कधी तोंड उघडले नव्हते, त्यांनी स्वतःहून बोलावून गाळाच्या ढिगावर नद्यांचे आवाहन करवले. पद्मनाभरावांनी एकेका नदीचे नाव घेत अक्षता टाकल्या. त्या वर्षी कुंभकोणम्मधल्या मराठी रावांची कपाळे अतिशय सुपीक झाली.

मग तमिळ लोकांचा आडी महिना आला. आडीत बायका नदीकाठी मातीची, पाण्याची पूजा करतात; त्यात ही बातमी. शेत गोविंदपुरम्च्या वाटेवर. तिथल्या मठात भजनाला जाणारे वाटेत शेतापाशी उतरू लागले, बसचा कंडक्टर न सांगता घंटी मारू लागला. कोणी चिमूट घेई, कोणी मूठ, कोणी मुलीच्या सासरी पाठवायला पिशवी. शेताच्या कोपऱ्यात एक वीट उभी राहिली, तिला हळदकुंकू लागले, पुढे दिवा आला. पूर्वी ज्या विटांनी माती खाल्ली त्यांतलीच ती एक होती, पण हे पद्मनाभरावांच्या तेव्हा लक्षात आले नाही. ते सकाळी ऑफिसच्या आधी तिथे जाऊन उभे राहत आणि नद्यांची वाट लोकांना समजावून सांगत. टोपी त्यांनी सोडली होती. टोपीखाली नाम दिसत नसे.

नांगरणीची वेळ आली तेव्हा मजूर चपला काढून बांधावर बसले. त्यांचे म्हणणे, की इथे फाळ घालायचा तर आधी कोणीतरी जाणत्याने घालावा. जाणते पद्मनाभराव नांगराकडे पाहून म्हणाले, की मुहूर्त बघू.

त्या संध्याकाळी सीतालक्ष्मी रस्त्याकडच्या कोपऱ्यात, जिथे उन्हाळ्यात तिचे पाय पोटरीपर्यंत रुतले होते तिथे, पुन्हा उतरली. पावलेसुद्धा बुडाली नाहीत. बोटांना खालची वीट लागली.

"भट्टीवाल्यानें भाडें तरी दिलें," ती म्हणाली आणि बांधावर येऊन पाय धुऊ लागली.

पद्मनाभराव हादरले. त्यांनी रंगाऱ्याकडून पाटी रंगवून लावली: येथील माती नेऊ नये. पाटी लागेपर्यंत लोक चिमूट नेत होते. पाटी लागल्यावर पोती आणू लागले. मनाई आहे म्हणजे माती खरी असणार, हे तर कोणीही सांगेल. मग पद्मनाभराव आल्यागेल्याला सांगू लागले, की ही साधी गटारासारखी घाण आहे, वास घेऊन पाहा. लोकांना त्यांच्या नम्रतेचे कौतुक वाटले. शेवटी ते आचार्यांकडे गेले आणि म्हणाले, की ही माती पवित्र नाही असे तुम्ही एकदा भजनात सांगा.

"नद्यांना बोलावलें कोणी?" आचार्यांनी विचारले.

"तुम्हीच बोलवायला लावलेंत. पण नांवें मी घेतलीं."

"मग जा म्हणायचेंही तुम्हींच. गंगेला जा म्हणणारा मंत्र माझ्याजवळ नाहीं." आणि पद्मनाभराव उठले तेव्हा आचार्यांनी हळूच विचारले, की तिरुचीच्या जावयासाठी एखादा गोळा मिळेल का.

घरी येऊन त्यांनी हे सांगितले, तेव्हा सीतालक्ष्मी तांदूळ निवडत होती. रेशनचा तांदूळ. तिने मान वर न करता सांगितले, की मेंढ्या बसवा. रामनाथपुरम्कडचे धनगर कापणीनंतर मेंढ्या घेऊन या बाजूला येतात, रोजच्या मुक्कामाला शेत मागतात. मेंढ्या बसल्या की लेंड्यांनी आणि मुताने जमीन जिवंत होते. तिचे वडील दर दोन वर्षांनी बसवत. यंदा एक कळप अजून परतला नव्हता, आडुतुरैच्या बाजूला होता. एकदा मेंढ्या बसल्या की त्या मातीचा गोळा कोणी मुलीच्या सासरी पाठवणार नाही.

पद्मनाभराव घाबरले. त्यांच्या डोळ्यांपुढे गंगा, यमुना आणि गोदावरी उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यावर मेंढ्या. त्यामागे मीनाक्षीबाई. त्याहीमागे पेटीशेजारची जागा. ते म्हणाले, की लोक काय म्हणतील याचाही विचार करायला हवा. मेळा होऊन जाऊ दे. दुसरा काही उपाय निघेल. कुंपण घालू. वेळ हवा.

"अहो," सीतालक्ष्मी म्हणाली, "तुम्हांला कपाळ पाहिजे कीं शेत?"

हा प्रश्न सोपा आहे असे ज्यांना वाटते त्यांना भजनात पुढची जागा कधी मिळालेली नसते. पद्मनाभरावांना त्यावर उत्तर द्यायला अख्खी रात्र लागली. सकाळी ते अंघोळ करून सहाणेपुढे बसले, गोपीचंदनाची नवी वडी आली होती ती उगाळली, पिवळे नाम लावले, टोपी घातली आणि सायकल आडुतुरैच्या दिशेने वळवली.

मेंढ्या आल्या. त्यांना नद्यांची माहिती नव्हती. रात्रभर त्या शेतात बसल्या आणि सकाळपर्यंत मेंढ्यांनी जे करायचे ते सगळ्या शेतभर करून ठेवले. बसमधून उतरलेली मंडळी बांधापर्यंत आली, थबकली आणि नाकाला पदर लावून परत फिरली. बांधावर पद्मनाभराव हातात काठी घेऊन उभे होते. सकाळच्या दुसऱ्या बसने मीनाक्षीबाई आल्या. त्यांना कोणीतरी सांगितले होते, पण विश्वास बसला नव्हता.

"पद्मनाभा, गंगेवर मेंढ्या बसवल्यास?"

त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते. जमीन, सेतू, पोंगलची मुदत, सासऱ्यांचा तांदूळ. त्यांनी ओठ उघडले आणि एकच शब्द काढला.

"होय."

मीनाक्षीबाईंनी कोपऱ्यातल्या विटेपुढचा दिवा उचलून घेतला, फुंकला, पदराखाली धरला आणि त्या बसच्या दिशेने चालू लागल्या. मेंढ्या आणखी आठवडाभर बसल्या. नंतर मजूरही चपला घालूनच शेतात उतरले.

भजनात पद्मनाभराव पुन्हा दाराशी गेले. कोणी घालवले नाही. पेटीशेजारी घाट पद्मनाभ बसलेला दिसला, एवढेच. तीर्थ हे नाव काढून घेतले गेले आणि जागा रिकामी राहू नये म्हणून मेंढी पद्मनाभ हे नाव लागले. ऑफिसात शिपाईसुद्धा दार उघडताना घशातल्या घशात बें करी. पद्मनाभराव मनातल्या मनात ताल मोजत राहिले. चपलांशेजारी बसण्याचा एक फायदा त्यांना पूर्वीपासून माहीत होता: घरी निघताना आपली जोडी लगेच सापडते.

पुरट्टासीत, म्हणजे भाद्रपद-आश्विनात, शेत नांगरले, ऐप्पसीच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या, पावसात लावणी झाली. मधल्या भागात भात असे आले की सीतालक्ष्मी बांधावरून हलेना. रस्त्याकडचा कोपरा मात्र, जिथली माती गावोगावच्या देवघरांत गेली होती, पिवळट, खुरटा राहिला. त्या कोपऱ्यात श्रद्धेची खोली किती होती ते भाताच्या उंचीवरून बरोबर कळत असे.

पोंगलच्या आदल्या दिवशी सीतालक्ष्मीने मधल्या भागातल्या पहिल्या पेंढ्या कापून आणवल्या. खळे वेगळे करावे लागले नाही. भट्टीची भाजलेली जमीन त्या कामाला आयती होती. तिथेच पेंढ्या झोडल्या, तिथलेच भात घरी आणून कांडले, पाखडले.

सेतू सकाळच्या गाडीने आला आणि आधी शेतावर गेला. त्याने बुटांसकट बांधावरून एक फेरी मारली. खुरट्या कोपऱ्यापाशी थांबून "हें असें कां?" असे विचारले, तेव्हा पद्मनाभराव म्हणाले, की ते माझ्या भाषणाचे पीक आहे. सेतूला कळले नाही. सीतालक्ष्मीला कळले, पण ती दुसरीकडे पाहत होती.

दुपारी पानावर नव्या तांदळाचा पोंगल वाढला. सीतालक्ष्मी वाढायचे सोडून भावाच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. दुसऱ्या घासाला कचकन आवाज झाला. सेतूने तोंडातून बोटाने काहीतरी काढले आणि तळहातावर धरले: लाल, तांबूस, तिळाएवढा कण.

"अक्का, वीट आहे ही."

"खळ्यावरची असेल," ती म्हणाली. "मी तीनदां पाखडलें."

सेतूने तो कण पानाच्या कडेला ठेवला. पुन्हा घास घेतला, जपून चावला, गिळला. "बाबांच्या वेळेला खडा पांढरा लागायचा," तो म्हणाला. मग पद्मनाभरावांकडे वळला. "भावजी, त्या माणसाला मी नाहीं म्हणून कळवतों. आपल्या विटा आपणच खाऊं."

सीतालक्ष्मी आत निघून गेली. बराच वेळ आली नाही. पद्मनाभरावांनीच उठून दुसऱ्यांदा वाढले, आणि तूप पानाबाहेर सांडले.

निघताना सेतू घुटमळला. त्याच्या मॅनेजरच्या आईने इथल्या पवित्र मातीविषयी कुठूनसे ऐकले होते. लहानसा गोळा मिळाला तर बरे होईल, असे तो म्हणाला. पद्मनाभरावांनी मेंढ्यांची गोष्ट सांगितली. सेतू म्हणाला, मग राहू दे, आणि तांदळाची पिशवी घेऊन गाडीला गेला.

पद्मनाभराव त्याला सगळे खरे सांगून बसले होते, एवढी एक गोष्ट सोडून, की देवघरात गोपीचंदनाच्या डबीमागे एक गोळा होता. मेंढ्या येण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी तो केळीच्या पानात बांधून ठेवला होता. का, ते विचारू नये. माणसाला जागा सोडता येते, पण ती कधी काळी आपली होती याचा काहीतरी पुरावा हाताशी लागतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो गोळा धोतराच्या सोग्यात लपवला आणि शेत बघून येतो म्हणाले. सीतालक्ष्मीही निघाली. खुरट्या कोपऱ्यात पोचल्यावर लपवण्यात अर्थ उरला नाही. त्यांनी गोळा काढला, चुरला आणि पिवळ्या रोपांच्या मुळांशी टाकला. मूठभर तर होता. कोपऱ्याला त्याचा काही पत्ता लागला नाही.

"तुला ठाऊक होतें?" त्यांनी विचारले.

"देवघराची धूळ रोज कोण पुसतें?"

ते कालव्याकडे हात धुवायला वळले. बोटाला ओला गाळ लागलेला होता आणि बोट सवयीने कपाळाकडे निघाले. सीतालक्ष्मी पाहत होती. बोट वाटेतच थांबले. पद्मनाभरावांनी ते धोतराला पुसले, टोपी नीट केली आणि ते पाण्यात उतरले.